कोकमला घरी आणताना: अर्ज, कमिटी, परवाना आणि पहिलं वर्ष

१० ऑगस्ट २०२४ ला आम्ही एका पशुकेंद्रातून एक कुत्री दत्तक घेतली, तिचं नाव कोकम. त्याआधीचे दोन महिने मी इंटरनेटवर मिळेल ते वाचत होते. त्यातलं बहुतेक सगळं परदेशातल्या, पुढेमागे अंगण असलेल्या घरांसाठी लिहिलेलं होतं. कोथरूडमध्ये चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, कुत्र्याला घाबरणारे सासरे आणि सोसायटीची कमिटी, एवढं सगळं धरून कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. खर्चाचे आकडे आमच्या घरचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

कुत्रा हवा होता मुलीला, अगदी शाळेत जायला लागल्यापासून. पण मुलांची हौस हे कारण पुरेसं नाही, असं माझं आणि नवऱ्याचं मत होतं, अजूनही आहे. नीट सांभाळलेलं गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. मुलगी तीन-चार वर्षांत शिक्षणाला बाहेर पडेल. म्हणजे पावसात पहाटे खाली कोण नेणार, तर आम्ही दोघं. ते आम्हाला स्वतःसाठी हवंय का, याचं उत्तर "हो" यायला बराच काळ गेला, आणि तो जाऊ दिला हे बरंच झालं.

खरा प्रश्न अण्णांचा होता. सासऱ्यांना लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात टोचत, चौदा दिवस, रोज एक. (ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास पूर्ण बंद झाली. आता दंडात देतात आणि मोजकेच डोस असतात.) अण्णांचं वय आज शहात्तर, पण रस्त्यात कुत्रं दिसलं की ते अजून पलीकडच्या बाजूला जातात. आम्ही विषय काढला तेव्हा ते दोन दिवस काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी अडवणार नाही. पण माझ्या खोलीत यायचं नाही आणि माझ्या अंगाला लागायचं नाही." आम्ही ते कबूल केलं. घरातल्या एकाचा जरी मनापासून नकार असेल तर प्राणी आणू नये, असं मला वाटतं. अण्णांनी नकार दिला नव्हता, अट घातली होती, आणि ती पाळणं आमचं काम होतं.

विकत घ्यायचा नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, ब्लू क्रॉस यांच्यासारख्या संस्था आहेत, शिवाय आपल्या घरात तात्पुरते प्राणी सांभाळणारी बरीच माणसं आहेत. आम्ही ज्या केंद्रातून घेतलं त्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी असते आणि आमचा अनुभव नियम म्हणून कुणी धरू नये.

१६ जूनला अर्ज भरला. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र आहे का. दिवसात किती तास प्राणी एकटा राहील. गावाला गेलात तर कोण बघणार. बदली झाली तर? घरात बाळ आलं तर? कुणाला ॲलर्जी निघाली तर? महिन्याला किती खर्च करू शकता? आणि शेवटी, कोणत्या परिस्थितीत तुम्ही प्राणी परत कराल? माझ्या एका मैत्रिणीला असाच अर्ज बघून राग आला होता, "आम्ही एका जिवाला घर देतोय आणि वर आमचीच उलटतपासणी." मला ते पटत नाही. वर्षभरात आमच्यासमोर जी जी अडचण आली, ती त्या अर्जात आधी प्रश्न म्हणून येऊन गेली होती. ज्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही तिथे थांबा, घरात बोला, आणि मगच पुढचा भरा.

कागद साधेच लागले: आधार, लाइटबिल, घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या संमतीच्या सह्या. अण्णांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलंय. त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला आणि मगच सही केली.

नंतर शांतता. पंधरवडाभर काही कळेना. एकदा फोन केला तेव्हा समजलं की अर्ज वाचणारी माणसं तीच, जखमी जनावरं उचलून आणणारी माणसंही तीच. त्यानंतर मी फोन केला नाही. ७ जुलैला त्यांनीच भेटायला बोलावलं.

आमच्या डोक्यात पिल्लू होतं. तिथल्या ताईंनी आमचे कामाचे तास विचारले आणि सरळ सांगितलं, "पिल्लू नका घेऊ." पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू-शीसाठी न्यावं लागतं. दिवसा घरी फक्त अण्णा. शिवाय पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर रस्त्यावर न्यायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि रक्ताच्या जुलाबांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. मोठं कुत्रं कसं आहे ते समोर दिसतं: स्वभाव, आकार, तब्येत.

कोकम तिथे कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून बसली होती. वय अंदाजे दोन वर्षं, रंग तांबूस, पुढचा एक पंजा पांढरा. डाव्या कानाला छोटा त्रिकोणी काप होता, म्हणजे नसबंदी झालेली. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्यांना जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा नियम आहे, आणि तसं तिला सोडलंही होतं. पुढे एका गाडीने उडवलं. मागच्या मांडीचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. त्या पायाने वाहतुकीतून पळणं आता जमणार नव्हतं, म्हणून ती केंद्रात राहिलेली. ताईंनी बजावलं, हात लावू नका, बोलावू नका, नुसते बसा. पुढचे काही रविवार आम्ही तेच केलं. एका रविवारी ती उठली, लंगडत आली आणि मुलीच्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपली. मुलीने पाऊण तास पाय हलवला नाही.

२७ जुलैला घर बघायला येणार होते. पण २५ जुलैचा पाऊस पुणेकरांना आठवत असेल. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, आणि केंद्राची माणसं त्या धावपळीत होती. मग भेट ३ ऑगस्टला झाली.

या भेटीला लोक घाबरतात. घर किती मोठं आहे हे कुणी बघत नाही. त्यांनी बाल्कनीच्या ग्रिलमधली फट हाताने मोजली. कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या म्हणाले. घरातली गुळगुळीत टाइल बघून मोडलेल्या पायासाठी दिवाणखान्यापासून दारापर्यंत सतरंज्या आणि योगा मॅट अंथरायला सांगितलं. आणि मग केंद्रातून आलेल्यांपैकी एका तरुणीने अण्णांशी एकट्याशी बोलायचं आहे असं सांगितलं. अण्णांनी तिला चौदा इंजेक्शनांची हकीकत सांगितली. तिने "आमची कुत्री फार गरीब आहे हो" असं काहीही म्हटलं नाही. त्यांच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं उघडमिट होणारं छोटं फाटक लावा, एवढंच सुचवलं. ते अठराशे रुपयांना आलं. वर्षभरात केलेल्या खर्चातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा.

१० ऑगस्टला करारावर सही झाली. विकायचं नाही, परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, सांभाळणं अशक्य झालं तर केंद्रातच परत आणायचं, दरवर्षी लसी, पहिले काही महिने फोटो पाठवायचे. पाळलेला प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्यात लिहिलेलं होतं. शुल्क काही नव्हतं. आम्ही आपणहून देणगी दिली.

पहिले काही दिवस फार जड गेले. ती ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. पहिला दिवस काही खाल्लं नाही. रात्री मिक्सरच्या आवाजाने थरथरली, सकाळी हॉलमध्ये शू केली. केंद्रातल्या ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: तीन दिवस भेदरलेली असेल, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळेल, आणि हे घर आपलं आहे असं वाटायला तीन महिने लागतील. हे ऐकलेलं असल्यामुळे धीर राहिला. आम्ही पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं, केंद्रात मिळायचं तेच खाणं चालू ठेवलं, आणि जेवल्यावर व झोपेतून उठल्यावर लगेच खाली नेत राहिलो. घरात शू झाली तर रागवायचं नाही. व्हिनेगरच्या पाण्याने जागा पुसायची, म्हणजे वास राहत नाही आणि ती पुन्हा तिथे जात नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. भेदरलेलं कुत्रं गळ्यातल्या पट्ट्यातून क्षणात डोकं मागे ओढून निसटतं. पहिले काही महिने गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही वापरा, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून ठेवा.

सोसायटीचा विषय ऑगस्टच्या शेवटी आला. सेक्रेटरींचं पत्र: कुत्र्याला लिफ्टने नेऊ नये. मला खूप राग आला, कारण प्लेट टाकलेल्या पायाने चार जिने उतरायचे होते. भारतीय पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्याची प्रत जोडून उत्तर लिहिलं. पण ते देण्याआधी नवरा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन आला, कारण तक्रार त्यांची होती. त्यांचा नातू पाच वर्षांचा, कुत्र्याला बघितलं की किंचाळतो. घरात अण्णा असताना आम्हाला ते समजायला वेळ लागला नाही. ठरलं असं: लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही थांबू, पट्टा आखूड धरू, आवारात शी झाली तर ताबडतोब उचलू. परिपत्रकही दिलं आणि हेही लिहून दिलं. कमिटीने पत्र मागे घेतलं. कायदा माहीत असायलाच हवा, नाहीतर लोक दमदाटी करतात. पण शी न उचलणारा एक मालक इमारतीतल्या सगळ्या प्राण्यांची बाजू कमकुवत करतो, हेही मी आसपास बघितलंय.

महापालिकेचा परवाना सप्टेंबरमध्ये काढला. पुणे महापालिकेच्या हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी तो लागतो आणि दरवर्षी नवा करावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पत्त्याचा पुरावा, कुत्रीचा फोटो, रेबीज लसीचा दाखला आणि नसबंदीचा दाखला असं सगळं स्कॅन करून ठेवा. शुल्क आमच्या वेळी शंभर रुपयांच्या आत होतं. लसीच्या पुस्तिकेवर डॉक्टरांचा शिक्का, नोंदणी क्रमांक आणि लसीचं लेबल नीट वाचता येईल असं आहे ना, हे दवाखान्यातून निघण्याआधीच बघून घ्या. नंतर त्यासाठी परत जावं लागतं.

गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि दोन-तीन दिवसांत कोकमने खाणं सोडलं. आम्हाला वाटलं, ढोल-ताशाच्या सरावाने घाबरली असेल. पण हिरड्या फिकट दिसत होत्या. डॉक्टरांनी ताप बघितला तर १०४ फॅरनहाइट. कुत्र्यांच्या अंगाचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे हात लावून आपल्याला काही कळत नाही. रक्त तपासलं, प्लेटलेट्स खूप उतरल्या होत्या. गोचीड ताप. पुण्यात पावसाळ्यात आणि नंतर हा फार दिसतो. एक गोचीड चावली तरी पुरते. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, रिकाम्या पोटी नाही, आणि बरं वाटलं तरी मध्ये थांबवायच्या नाहीत. तपासण्या, सलाइन, औषधं मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. खर्च झेपत नसेल तर औंधचं सरकारी पशुसर्वचिकित्सालय आहे, तिथे उपचार खूप स्वस्तात होतात. वेळ हाताशी ठेवून जा.

आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत. दुपारची गोळी कुणी द्यायची? अण्णांनी न विचारता एक वही काढली. तारीख, वेळ, गोळी, किती खाल्लं, शू झाली की नाही, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. गोळी पनीरच्या तुकड्यात भरून ते फाटकावरून खाली ठेवायचे आणि ती खाईपर्यंत उभे राहायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे ते स्वतः आले, कारण त्यांना एक प्रश्न विचारायचा होता: "हिला लस दिली आहे. तरीही ही चावली तर?" डॉक्टरांनी गंभीरपणे उत्तर दिलं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे करायचंच. अण्णांनी तेही वहीत उतरवून घेतलं. मला वाटतं, त्यांची भीती कुणीतरी पहिल्यांदाच अशी प्रश्न म्हणून ऐकली आणि तिला उत्तर दिलं.

दिवाळीची तयारी आम्ही पंधरा दिवस आधी सुरू केली. फिरायला दुपारी न्यायचं, कारण पहाटे आणि संध्याकाळी फटाके. बेडरूमच्या खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा जोरात, रेडिओ चालू. घाबरण्यासाठी डॉक्टरांनी एक औषध वजनाप्रमाणे लिहून दिलं. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कधीही देऊ नका, आणि पॅरासिटामॉलही नाही, ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. फराळातलं चॉकलेट, बेदाणे, कांदा-लसूण घातलेलं काहीही नको. १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, ती पलंगाखाली होती आणि मुलगी तिच्याजवळ जमिनीवर पुस्तक घेऊन पडली होती. रात्र कठीणच गेली, पण निभावली.

आता पैशांचं. महिन्याला खाण्यावर साधारण साडेतीन हजार: उकडलेलं चिकन, भात, भोपळा, थोडं कोरडं खाद्य. गोचिडांसाठीची गोळी महिन्याला सात-आठशे. एकत्रित लस (पार्व्होसारख्या आजारांवरची) आणि रेबीजची लस मिळून वर्षाला दीड हजारांच्या आत. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी, तिचा खर्च किरकोळ. आजारपणासाठी आम्ही वेगळं रिकरिंग काढलंय, कारण सप्टेंबरसारखा महिना सांगून येत नाही.

आणि सुट्ट्या. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपली लागते, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या डब्यातली, पेटी. त्या पेटीत मी कोकमला पाठवणार नाही. बोर्डिंगचा, म्हणजे कुत्र्याला पैसे देऊन सांभाळायला ठेवण्याचा, दर आमच्या भागात तेव्हा दिवसाला सातशे ते हजार होता. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, म्हणून एप्रिलमध्ये एका रात्रीसाठी ठेवून बघितलं. ती जेवली, झोपली, मगच लग्नाचं पक्कं केलं. कोकणातला आठवडा मात्र यंदा रद्द केला. मुलगी हिरमुसली, पण कुरकुरली नाही.

मिळतं काय, असं बहीण विचारते. पहाटे वेताळ टेकडीवर आम्ही दोघं नवरा-बायको रोज चालतो, पट्टा हातात ठेवून, कारण तिथे मोर आहेत. इतक्या वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. मुलगी दार उघडल्यावर आधी मोबाइल बघायची, आता जमिनीवर बसते. ज्या कुत्रीला माणसाचा हात म्हणजे मार वाटायचा, ती डिसेंबरात एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरली. त्या वेळी मी रडले, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

अण्णांनी तिला अजून हात लावलेला नाही. फाटक जागेवर आहे. ती दुपारी फाटकाच्या अलीकडे झोपते, ते पलीकडे पेपर वाचतात, आणि आम्ही घरी आलो की सगळा अहवाल मिळतो: बाई आज दीड वाजता जेवल्या, बाईंनी पोस्टमनवर भुंकून घेतलं.

वर्षाची तपासणी नुकतीच झाली. वजन अठरा किलो. थंडीत मागचा पाय आखडतो, म्हणून वजन याच्यावर जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि अण्णांच्या ग्लुकोज बिस्किटांवर बंदी आली आहे. रेबीजची पुढची लस झाली. परवान्याचं नूतनीकरण या आठवड्यात करायचंय, नवा दाखला स्कॅन करून ठेवला आहे. कुणाचा अर्ज पडून असेल, किंवा कमिटीचं पत्र आलं असेल, तर विचारा. आमच्या पत्राचा मसुदा आणि अण्णांच्या वहीचा तक्ता मी पाठवू शकते.